जड डबा

सुगिमोरीनं पुढे केलेली कागदी पिशवी हिसानोनं दोन्ही हातांनी घेतली आणि तिची मनगटं खाली गेली.

डबा जड होता.

दारात बूट काढून सपाता चढवता चढवता सुगिमोरी हवेबद्दल बोलत होता. तोक्योत थंडी सुरू झाली, ओसाका त्या मानानं बरं आहे, असं काहीसं. हिसानो नुसती हूं हूं करत होती. पिशवीत जांभळ्या कागदात बांधलेला लांबट डबा होता आणि तो उघडून बघायची तिला गरज नव्हती. योकान. तांबड्या चवळीच्या गोड लगद्याच्या घट्ट वड्या. दिसायला काळ्याशार, उचलायला विटेसारख्या.

रिकाम्या हातानं कुणी कुणाकडे जात नाही, पण काय न्यायचं यालाही रीत असते. बातमी चांगली असली की तांदळाच्या कुरकुरीत चकत्या न्याव्यात. मुदत पुढेमागे झाली, कुणी आजारी पडलं, असं काही मधलंच असलं तर मऊ केक. आणि माफी मागायची असली तर योकान. जड वस्तू देताना देणाऱ्याची मान आपोआप खाली जाते आणि घेणाऱ्याचे हात अडकतात, ते उगारता येत नाहीत, म्हणून ही रीत पडली असणार, असं हिसानोचा नवरा हयात असताना म्हणायचा. खालच्या मजल्यावर त्याचं सायकलींचं दुकान होतं. तो गेल्यावर दुकान गेलं आणि हिसानो चौथ्या मजल्यावर ‘कावासेमी’त हिशेब बघायला, चहा करायला आणि पोरांवर डाफरायला आली. आता पोरांचेच केस पांढरे व्हायला लागले होते.

‘कावासेमी’ गेम बनवायची. सुगिमोरीची तोक्योची कंपनी ते डब्यात घालून विकायची. सुगिमोरी पहिल्यांदा आला तेव्हा मानेवर केस रुळणारा तरणाबांड गडी होता. आता तो विभागप्रमुख होता आणि कपाळ मागे मागे सरकत डोक्याच्या मध्यावर जाऊन पोचलं होतं. एवढ्या वर्षांत त्यानं आणलेले खाऊचे डबे वाचायला सगळेच शिकले होते. तो आला की माणसं पडद्यावरून मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून हिसानोकडे बघायची. दारापासून मालकांच्या, तोरिगोएसाहेबांच्या, काचेच्या खोलीपर्यंत टेबलांच्या दोन रांगांमधून तिला डबा घेऊन जावं लागे, आणि ती तिथवर पोचेपर्यंत बातमी खोलीभर झालेली असे.

आज तसं होऊन चालणार नव्हतं.

आज शेवटचा दिवस होता. टेबलांखाली पुठ्ठे अंथरून झोपलेली माणसं नुकतीच उठून बसली होती. नूडल्सच्या आणि मोज्यांच्या वासानं खोली कोंदली होती. संध्याकाळच्या गाडीनं सुगिमोरी गेमची शेवटची सीडी स्वतः घेऊन जाणार होता आणि उद्या ती कारखान्यात पोचली नाही तर नाताळचा हंगाम हुकणार होता. हंगाम हुकलेला गेम दुकानात येतो, पण फळीवर राहत नाही. गोल्फच्या गेमच्या वेळी नेमकं तेच झालं होतं. सकाळी योकान आलं, पुढचा भाग दुसऱ्याच कुणाला दिल्याचं कळलं, आणि दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. एकेक जण जेवायला म्हणून उठला आणि परत आलाच नाही. कोट तेवढे खुर्च्यांवर राहिले. हिसानोनं घरोघरी फोन करून, कुणाच्या बायकोला, कुणाच्या आईला गळ घालून माणसं परत आणली, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

शिवाय हा गेम त्यांचा होता. म्हणजे आधीचेही त्यांनीच केले होते, पण राबायचं यांनी आणि मिरवायचं दुसऱ्यानं असा तो मामला होता. माजोंगचे, गोल्फचे, टीव्हीवरच्या यंत्रमानवाचे कितीतरी गेम या खोलीतून गेले आणि एकावरही ‘कावासेमी’चं नाव नव्हतं. गेम संपल्यावर नावं सरकत जायची, तीही टोपणनावं. खरी नावं दिसली तर दुसरी कंपनी माणसं पळवील, अशी तोक्योला धास्ती. सगळ्यांत जुना प्रोग्रॅमर हातानाका तिथे ‘ओला मोजा’ या नावानं सरकायचा. एकदा त्यानं मोठ्या हौसेनं गेम गावी नेला. आईनं चष्मा लावून डबा उलटासुलटा केला, मग नावं शेवटपर्यंत बघितली आणि विचारलं, यात तू कुठे आहेस? हा ओला मोजा म्हणजे मी, असं त्यानं सांगितल्यावर म्हातारीनं चष्मा काढून ठेवला. पुढे ती शेजारपाजारी सांगायला लागली की मुलगा ओसाकात बँकेत असतो.

या खेपेला मात्र तोक्योनं नाव द्यायचं कबूल केलं होतं. बुडालेल्या गावातून होडी वल्हवत जाणाऱ्या एका म्हातारीचा हा गेम होता. कल्पनेपासून शेवटच्या चित्रापर्यंत सगळा या खोलीतला. सुरू केला की आधी तोक्योच्या कंपनीचं चिन्ह यायचं. मग पडदा काळा, आणि त्या काळोखात पाण्यातून वर आलेल्या एका बोरूच्या काडीवर बसलेला निळा खंड्या. ‘कावासेमी’ म्हणजे खंड्याच. तो पाण्यात सूर मारायचा, डुबुक आवाज व्हायचा, आणि पाण्याच्या वलयांतून ‘कावासेमी’ ही अक्षरं वर यायची. चित्रं काढणारी इनुई त्या पक्ष्यासाठी रविवार रविवार तळ्याकाठी जाऊन बसली होती. डुबुक आवाज हिसानोचा होता. आवाजाचं काम बघणाऱ्या ओगुशीनं मोरीत बादली भरून ठेवली आणि साबणापासून दगडापर्यंत काय काय टाकून बघितलं; त्याला काही पसंत पडेना. शेवटी हिसानोनं रस्स्यासाठी सोलायला घेतलेला बटाटा वैतागून बादलीत टाकला, आणि ओगुशी ओरडला की हाच.

म्हणून दारात उभ्या असलेल्या हिसानोनं एक श्वास घेतला, पिशवीचे दोन्ही बंद एका बोटावर अडकवले आणि ती चालायला लागली. हलक्या पिशवीला देतात तसा तिनं मध्येच एक झोका दिला. बंद बोटात रुतत होते. मागून सुगिमोरी मान खाली घालून येत होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, ते एक बरं होतं. हिसानोनं खिडकीपाशी थांबून, झोपलात की मेलात, जरा वारा येऊ द्या, म्हणून नेहमीसारखं डाफरून घेतलं आणि एक तावदान सरकवलं. कुणी मान वर केली नाही. आज काय आणलंय, म्हणून कुणी विचारलं नाही. ती काचेच्या खोलीत शिरली आणि पिशवी खाली ठेवली, तेव्हा बोटावर लाल वळ उमटला होता.

सुगिमोरी टेबलावर कपाळ टेकेपर्यंत वाकला. तोरिगोएसाहेबांनी पिशवीकडे बघितलं आणि पोटदुखीच्या औषधाची पुडी काढून पाण्याबरोबर घेतली. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून, हातानाका आणि इनुईला बरोबर घेऊन त्यांनी ‘कावासेमी’ काढली, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून ती पुडी चालू होती.

हिसानो चहा ओतत राहिली, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. तोक्योची कंपनी तिच्याहून मोठ्या एका कंपनीत विलीन होणार होती. त्या लोकांना आपण घेतोय ती कंपनी स्वतः गेम बनवते असं दिसायला हवं होतं; बाहेरच्यांकडून करून घेते असं दिसलं तर तिची किंमत उतरते. सुगिमोरी हे सगळं पाठ केलेल्या धड्यासारखं बोलला, आणि धडा संपल्यावर त्याचा आवाज बदलला.

“नाव काढावं लागेल,” तो म्हणाला. “सुरुवातीचं.”

तोरिगोएसाहेबांनी पेला उचलला आणि तसाच ठेवला.

“पक्षी ठेवता येईल?”

“पक्षीसुद्धा नको म्हणतात.”

“आणि डब्यावर?”

सुगिमोरीनं पुन्हा मान खाली घातली. “डबे छापून आलेत,” तो म्हणाला.

डबे काही काल छापलेले नसतात. तोरिगोएसाहेबांना ते कळलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्या खोलीत हिसानो सहसा बोलत नसे. आज तिला राहवलं नाही.

“म्हणजे मागच्या खेपेला तुम्ही केक आणलात, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं.”

सुगिमोरीची मान खालीच होती. “हिसानोबाई,” तो म्हणाला, “तेव्हा सांगितलं असतं, तर काम पुरं झालं असतं?”

तिनं बोट मुठीत दाबून धरलं. ती स्वतःही आत्ताच तेच करून आली होती. तिला त्याचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही आला, आणि दोन्ही राग धरून ठेवायचं त्राण तिच्यात नव्हतं.

नाव आजच्याच सीडीतून जायला हवं होतं. म्हणजे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि ते हातानाकाला. त्याच्याशिवाय गेमच्या पोटात हात घालणारा दुसरा कुणी नव्हता. तोरिगोएसाहेब म्हणाले, मी सांगतो. असं म्हणून ते बसून राहिले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, मी सांगतो, आणि टेबलाच्या कडेवर हात ठेवून उठायला गेले, पण उठले नाहीत. हिसानो त्यांना वीस-बावीस वर्षं ओळखत होती. नवऱ्याच्या दुकानात पाय दुमडून बसून गप्पा छाटणारा, मी आता स्वतःचं काढणार बघ, म्हणणारा माणूस तिनं बघितला होता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आधी उरलेल्या चुका काढून होऊ देत. सीडी भरायच्या आधी मी सांगते हातानाकाला.”

“वहिनी, ते माझं काम आहे.”

“ठाऊक आहे मला. बसा तुम्ही.”

मग सकाळ हळूहळू सरत गेली. सुगिमोरीला सीडी घेतल्याशिवाय हलता येत नव्हतं आणि बाहेर जाऊन त्या माणसांमध्ये बसायचं तोंड नव्हतं. तो काचेच्या खोलीतल्या कोचावर बसला आणि बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपला. सपातेतून एक टाच वर आली होती. मोज्याला टाचेवर भोक होतं. विभागप्रमुख झाला तरी मोजे कोण बघतं याचे, असं हिसानोच्या मनात आलं आणि तिनं हीटरची हवा त्याच्या पायांकडे वळवली.

खोलीत काम चालू होतं. इतकं मुकाट काम तिथे कधीच होत नसे. एरवी शेवटच्या दिवशी आरडाओरडा असायचा, कुणीतरी कुणाच्या तरी कामात चूक शोधून नाचायचं, ओगुशी जिंकल्याचं संगीत मुद्दाम मोठ्यानं लावायचा. आज फक्त कळांची टकटक. थकलेत बिचारे, असं हिसानोला वाटलं. दुपारी तिनं खालच्या दुकानातून गरम उदोनचे, म्हणजे रस्सेदार जाड शेवयांचे, वाडगे मागवले. सगळ्यांनी ते जागेवरच, पडद्याकडे बघत भुरकले आणि वाडगे दाराशी नीट एकावर एक रचून ठेवले. ते बघून ती थोडी चपापली. एरवी ते वाडगे तिलाच टेबलांखालून शोधून काढावे लागत. इनुईला गोडाचं भारी वेड. खाऊ आला की ती पहिली, काकू, नुसता वास तरी घेऊ द्या, म्हणून मागे लागायची. आज ती वाडगा ठेवून परत जाताना काचेच्या खोलीवरून गेली, पण आत डोकावली नाही. तिनं टेबल पुसून लख्ख केलं होतं. तळ्याकाठी काढलेले खंड्याचे फोटो भिंतीवर टाचलेले असत. ते जागेवर नव्हते.

उन्हं उतरायला लागली तशी एकेका टेबलावरची टकटक थांबत गेली. शेवटी हातानाकानं खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला की झालं, आता भरायची.

हिसानोनं हात पुसले, एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि ती त्याच्या टेबलापाशी गेली. दिवसभर तिनं वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

“हातानाका, भरायच्या आधी एक काम आहे.”

“बोला काकू.”

“सुरुवातीला येतं ना ते...” ती थांबली. “तू आधी चहा घेतोस का?”

हातानाकानं तिच्याकडे बघितलं. रात्र रात्र जागून त्याचे डोळे सुजले होते, पण नजर शांत होती.

“काढलंय ते,” तो म्हणाला. “सकाळीच.”

इनुई पुसलेलं टेबल परत पुसत होती.

“तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

“मी? मी तर...”

“काकू, तुम्ही कुणाचीही वस्तू दोन्ही हातांनी आणता. चकत्यांचा डबा, त्यात वजन ते काय, तोसुद्धा छातीशी धरून आणता, तान्हं पोर धरल्यासारखा. पोस्टमननं पाकीट दिलं तरी दोन्ही हातांनी घेता.” तो किंचित हसला. “आज पिशवी एका बोटावर. आणि वर झोका. सगळ्यांनी बघितलं.”

हिसानोला कान तापल्यासारखे वाटले. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं शिकवलेली ती रीत होती, पाहुण्याची वस्तू एका हातानं धरू नये. आयुष्यात कधी मोडली नव्हती. आज मोडली ती नेमकी त्यांच्यासमोर, त्यांच्याचसाठी. म्हणजे सकाळपासून ती यांच्यापासून लपवत होती आणि ही सगळी, लपलंय असं तिला वाटावं म्हणून मुकाट मान खाली घालून बसली होती.

“पण नावच काढायचंय, हे कशावरून?” तिनं विचारलं. “दुसरंही काही असू शकलं असतं.”

“दुसरं काय होतं काकू आपल्याकडे,” हातानाका म्हणाला, “त्यांनी नेण्यासारखं?”

तिला रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते आलं नाही. आला तो नुसता शिणवटा, पाठीतून गुडघ्यांपर्यंत उतरलेला. तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. ओगुशीनं उठून तिच्यासाठी चहा आणला. तो फारच कडू झाला होता, तरी तिनं तो प्यायला.

सीडी भरून झाली तेव्हा बाहेर दिवे लागायला आले होते. सुगिमोरीला उठवलं. त्यानं घाईघाईनं टाय सारखा केला आणि केस चापून बसवले. गेम नेण्याआधी एकदा सुरू करून बघायचा, ही त्यांच्या कंपनीची पद्धत होती, आणि मनात कितीही खंत असली तरी सुगिमोरी पद्धत सोडणारा नव्हता. कोपऱ्यातल्या टीव्हीला जोडलेल्या यंत्रात हातानाकानं सीडी घातली. सुगिमोरी समोर उभा राहिला. बाकीचे मागे येऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तोरिगोएसाहेबही खोलीतून बाहेर आले, पण दाराच्या चौकटीपाशीच थांबले.

तोक्योच्या कंपनीचं चिन्ह आलं, झळकलं आणि गेलं. पडदा काळा झाला.

हिसानोला वाटलं, आता म्हातारी आणि होडी दिसेल. दिसली नाही. पडदा काळाच राहिला. बोरू नाही, पक्षी नाही, नुसता काळोख, आणि तो हटेना. त्या काळ्या काचेत मागे उभी असलेली माणसं दिसायला लागली. हातानाकाचा चष्मा, इनुईचे विस्कटलेले केस, ओगुशी, दाराशी तोरिगोएसाहेब, तिचा स्वतःचा पांढरा एप्रन. सुगिमोरीही त्यांच्या मधोमध होता. नाव वाचायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ ती सगळी काचेत उभी होती.

मग आवाज आला. डुबुक.

तो बटाटा होता. हिसानोनं ओठ घट्ट मिटले.

त्यानंतर पाणी उजळलं, वल्ह्याचा आवाज सुरू झाला, आणि म्हातारी होडी घेऊन निघाली. सुगिमोरी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. सीडी पुन्हा भरायला वेळ होता. तो नको म्हणाला असता तर त्या जागी कात्री लावून काळोख आणि आवाज दोन्ही काढून टाकता आले असते, आणि हातानाकानं ते मुकाट्यानं केलंही असतं.

“सुरुवातीला जरा वेळ लागतो,” सुगिमोरी म्हणाला.

“यंत्र जुनं आहे,” हातानाका म्हणाला.

“आणि काहीतरी वाजलं.”

“पंखा असेल यंत्रातला.”

सुगिमोरीनं मान हलवली. पडद्यावर होडी गावाच्या बुडालेल्या देवळाच्या कमानीखालून जात होती.

“म्हणजे घरी खेळताना वेळ लागणार नाही?” त्यानं विचारलं.

हातानाकानं मागे वळून एकदा इनुईकडे बघितलं, एकदा हिसानोकडे.

“लागेल,” तो म्हणाला. “सगळ्यांच्याच घरी लागेल.”

सुगिमोरीनं घड्याळाकडे बघितलं. गाडीला उशीर होत होता. हातानाकानं सीडी काढून पातळ पारदर्शक डबीत घातली आणि दोन बोटांत धरून पुढे केली. कागदाच्या घडीइतकंही वजन नव्हतं तिचं.

सुगिमोरीनं बॅग खाली ठेवली, आणि ती डबी दोन्ही हातांनी घेतली.